ठिपके विझेनात तेव्हा

मुलं हाताशी आल्यावर ती पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाली, म्हणून तिथली तरुण मंडळी तिला मावशी म्हणायची. सुटलेला हात परत बसेपर्यंत तिने इतक्या पेशी मारल्या की एकदा प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "मावशी, किरण कशाला हवेत? तुम्ही नुसतं त्यांच्याकडे बघा." सगळ्यांत जोरात तीच हसली होती.

काम असं, की बशीत वाढवलेल्या पेशींवर क्ष-किरण सोडायचे. त्यांनी डीएनएचे धागे तुटतात आणि डागडुजी करणारी प्रथिनं तुटीकडे धाव घेतात. त्यांतल्या एकाला चमकणारा रंग जोडला होता, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तुटीच्या जागी हिरवे ठिपके दिसत. दुरुस्ती झाली की ते विझत.

पण काम संपल्यावर ते प्रथिन तिथून जातं कसं? या प्रश्नाने मावशीला पछाडलं. जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "आपणहून उठतं, की कुणीतरी उठवावं लागतं?"

"तुझ्या भावाबद्दल बोलतेयस का?" त्याने भाताचा घास घेत विचारलं.

नको झालेल्या प्रथिनावर खूण चिकटवून त्याला मोडीत काढायची सोय पेशीत असते. मावशीने एका बशीतल्या पेशींत खूण चिकटवणारं विकर, म्हणजे एन्झाइमच, बंद पाडलं, दुसरी बशी तशीच ठेवली, आणि दोन्हींवर किरण सोडले. दुपारी बघते तर साध्या बशीतले ठिपके गेलेले, दुसरीतले लखलखीत.

झाली माती, आपल्या बघण्यातच चूक झाली, असंच तिला आधी वाटलं. तिने शेजारच्या टेबलावरच्या लंबूला काही न सांगता दोन्ही दाखवल्या.

"ही विझली," तो म्हणाला, "आणि ही अजून पेटलेलीच."

ती तशीच सरांकडे धावली. सरांनी ऐकून घेतलं आणि हवाच काढली. "ठिपके राहिले म्हणजे तूटच राहिली असेल. प्रथिन अडकलंय कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. मग कित्येक आठवडे ती पेशींतले धागे वेगळ्या पद्धतीने तपासत बसली. अखेर उत्तर हाती आलं. धागे छान सांधले गेले होते, प्रथिन मात्र बूड हलवायला तयार नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे त्याला उठवावंच लागत होतं, आणि त्यासाठी ती खूण हवी होती.

सरांनी तिच्या निकालांची आकृती उलटी धरली, सुलटी केली, मग कौतुकाच्या बाबतीत चिक्कू असलेला तो माणूस खुर्चीतून उठून म्हणाला, "मावशी, बसा. आज चहा मी करतो." त्यांनी साखर विसरलेला चहा तिने अमृतासारखा प्यायला. लंबूने तिचा हात धरून तिला व्हरांड्यात दोन गिरक्या घ्यायला लावल्या. पायांत पाय अडकून दोघंही भिंतीवर आपटले.

संध्याकाळी बसमध्ये शेजारच्या आजोबांनी तिच्या अंगातल्या पांढऱ्या कोटाकडे पाहून अदबीने विचारलं, "डॉक्टर, माझी टाच फार दुखते हो."

कोट काढायचा राहिला होता. "आजोबा, मी टाचांची नाही, पेशींची."

"टाचेत पेशी नसतात?"

"असतात की," ती म्हणाली, आणि किरणांपासून ते हिरव्या ठिपक्यांपर्यंत जी सुरू झाली, ती आजोबा उतरून गेल्यावर मागच्या बाकावरच्या बाईला सांगत राहिली. बस शेवटच्या थांब्यावर उभी राहिली तेव्हा कळलं की घर केव्हाच मागे पडलं होतं. तिला त्याचंही हसू आलं. उतरून ती उड्या मारल्यासारखी चालत घराकडे निघाली.