लेन्सवरचा हिरवा ठिपका

मन्मथप्पांचा हट्ट असा, की ब्रह्मदेव आला तरी दुपारी साडेतीन ते चार फोटो काढायचा नाही. पाटोद्यात एसटी स्टँडसमोर त्यांचा स्टुडिओ, मागं घर. या अर्ध्या तासात आलेल्या गिऱ्हाइकाला ते "बस" म्हणायचे आणि बाकावर ताटकळत ठेवायचे. आतून बायको नीलम्मा करवादायची, "आलेली लक्ष्मी बसवून ठिवायची, अन् वर म्हणायचं धंदा न्हाई!" अप्पा कानाडोळा करायचे.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. एकुलता एक अमरनाथ पुण्यात, फोटोच्या लॅबमध्ये कामाला. सात वर्षांपूर्वी तो बापाला म्हणाला होता, रोलचा जमाना संपला, जुने कॅमेरे विकून टाका. अप्पांना ते फार झोंबलं. "या घरात पुन्ना पाय ठिवू नको," म्हणाले. पोरगंही बापाच्याच वळणाचं, त्यानं ठेवला नाही. आला तो माती दिल्यावर, तिन्हीसांजेला.

परत निघताना त्यानं आईला विचारलं, "अप्पा कधी माजं नाव काढायचे का गं?"

नीलम्माला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवेना. सात वर्षांत त्या घरात ते नाव निघालं नव्हतं. ती त्याच्या पिशवीत दशम्या भरत राहिली.

आईला स्टुडिओ चालवता यावा म्हणून जाताना तो एक डिजिटल कॅमेरा ठेवून गेला. अप्पांची जुनी लांबट लेन्स त्यावर बसावी म्हणून मधे लावायची एक रिंगही दिली. ही रिंग त्यानं दोन वर्षांपूर्वीच अप्पांसाठी घेतली होती, घेऊन यायचं धाडस मात्र झालं नव्हतं. कॅमेऱ्यासोबतची नवी लेन्स आपोआप फोकस करते, असंही त्यानं सांगितलं. नीलम्मानं ती दोन दिवस वापरली. ती घूं घूं करायची आणि माणूस सोडून मागच्या पडद्यावरची फुलंच स्वच्छ टिपायची. तिसऱ्या दिवशी तिनं ती कपाटात टाकली.

अप्पांच्या लेन्सला असली खोड नव्हती. तिच्या फोकसच्या रिंगवर अप्पांनी लाल रंगाचा ठिपका दिलेला. फरशीवर कॅमेऱ्याच्या स्टँडच्या तीन पायांच्या खुणा आणि भिंतीशी स्टूल. ठिपका लेन्सवरच्या रेघेवर आणला की स्टुलावरच्या माणसाच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत. नीलम्माला सुईत दोरा ओवता यायचा नाही, पण हे जमायचं. कॅमेऱ्याला मात्र ती लेन्स ओळखूच यायची नाही, तो आकड्यांच्या जागी नुसती शून्यं दाखवायचा. "तुला न्हाई दिसत, मला दिसतंय," म्हणून ती बटण दाबायची. कॅमेरा बदलला म्हणून स्टूल थोडंच हललं होतं?

लाल ठिपक्यापासून बराच पुढं एक हिरवा ठिपकाही होता. रिंग त्यावर आणली की स्टूल, पडदा, आतलं दार, सगळंच पुसट. शेवटी तिनं ठरवलं, रंगाचा थेंब उडाला असेल. विचारायला माणूस राहिला नव्हता. आता दिवसभरात गिऱ्हाइकाला "मान वर कर" म्हणायला जेवढं तोंड उघडायचं, तेवढंच तिचं बोलणं. एकटेपणा तिला खायला उठायचा.

दिवाळीच्या आधी फरशी पुसताना तिनं कॅमेरा रस्त्याच्या दाराकडं वळवला. लेन्स पुसताना रिंग फिरून हिरव्यावर गेली होती. तिनं सहज डोळा लावला, तर रस्त्यापलीकडं, जिथं पुण्याची गाडी थांबते त्या लिंबाखाली उभ्या असलेल्या बाईच्या नाकातली मोरणीसुद्धा स्वच्छ दिसली.

नीलम्मा तशीच उठली आणि लिंबाशेजारच्या हॉटेलात हरिबाकडं गेली. अप्पांची लेन्स या लिंबावर कशी लावलेली, असं तिनं विचारलं तेव्हा हरिबा चहा गाळता गाळता थांबला.

"वैनी, तुमाला ठावच न्हाई व्हय? अप्पा रोज साडेतीनला कॅमेरा हिकडं वळवायचे. मी इचारलं, फोटू कावून काडत न्हाई? तर म्हणले, फोटू न्हाई, पुन्याच्या गाडीची मानसं बघतो."

नीलम्मा घरी आली. रडू आलं, पण त्याआधी संताप आला. सात वर्षं तीही त्याच गाडीचा हॉर्न ऐकून चुलीपुढं हात थांबवायची, ओळखीच्या चपला वाजतात का म्हणून कान द्यायची, नवऱ्याला कळू न देता. दोघांच्या मधे एक भिंत तेवढी. एकदा हाक मारली असती या माणसानं, तर दोघांनी मिळून वाट बघितली असती.

रविवारी अमरनाथचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, "नाव न्हाई काढलं रे तुजं. पर रोज गाडी बघायचे, शेवटचा मानूस उतरंपत्तोर."

मग तो म्हणाला, "येतो, आई. रजा बघतो."

कधी, ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

मंगळवारी साडेतीनला एक माणूस धापा टाकत आला. फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती. तो लगबगीनं स्टुलावर बसला. नीलम्मानं कॅमेरा उचलून दाराकडं वळवला आणि रिंग हिरव्यावर आणली.

"मावशी, माजा फोटू?"

"बस," ती डोळा न काढता म्हणाली. "पुन्याची गाडी यिऊन जाऊ दे."