पोहोच पावतीवरची सही

जिल्हा परिषदेत माझ्या शेजारच्या टेबलावरचे भाऊ कोरोना निधीची बिलं तपासत. बिलावर बोट ठेवून ते प्रत्येकाला हळूच त्यांच्या अहिराणीत विचारत, "वस्तू शे ना? सोता देखी ना?"

साक्रीकडच्या एका आरोग्य केंद्रात ऑक्सिजनची यंत्रं पोहोचल्याची सही मी तिथे न जाताच केली होती. तरी म्हणालो, "आहेत. स्वतः पाहिली."

दुसऱ्या दिवशी भाऊ रजा टाकून एसटीने तिकडे जाऊन आले.

"सायेब, यंत्रं नहीत. नर्सबाई इचारस, कवय येतीन?"

नर्सबाईंचं ते 'कधी येतील' ऐकून मी खाली पाहिलं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्हीच लिखा. मी लिखं ते तक्रार व्हई."

मी लिहिलं, पण 'नजरचुकीने सही झाली' असं लिहिलं. भाऊंनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. माझ्याकडे बघायला त्यांनाच संकोच वाटला.