ताळ्यासाठी राखलेली जागा

ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीला एक वास असतो. दगडाचा, पाण्याचा आणि थोडा आपल्याच तळव्याचा. माधवगंजातल्या आमच्या घरात कार्तिकातल्या तिरप्या उन्हाबरोबर तो ओसरीभर रेंगाळायचा, कारण बाबा कचेरीतून आले की आम्ही बीजगणित घेऊन बसत असू. आई मी जाणती होण्याआधीच गेलेली. घरात बाबा, आत्या आणि मी. पाटीच्या मध्यावर बाबा एक उभी रेघ ओढत. डावीकडे मी उदाहरण सोडवायचं, उजवीकडे त्यांनी ताळा पाहायचा, म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या होतात का ते तपासायचं. ताळा जुळल्याशिवाय उत्तराला उत्तर म्हणायचं नाही, हा त्यांचा कायदा.

त्या वर्षी राज्यांची नव्याने मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग बाबांची कचेरीही. लश्कर या आमच्या शहरभागातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं हलली, वर्गातले बाक रिकामे होऊ लागले. बाईंनी आठवड्याच्या हजेरीची सरासरी काढायला सांगितली, तर उत्तर आलं साडेसतरा मुली. सगळ्या हसल्या. मला मात्र ती अर्धी मुलगी कोण, ते पक्कं ठाऊक होतं.

एकटेच भोपाळला निघण्याच्या सकाळी बाबांनी पाटीवर उदाहरण घातलं: बाप बेचाळीस वर्षांचा, मुलगी चौदा, किती वर्षांनी बापाचं वय मुलीच्या दुप्पट होईल? आमचीच वयं होती ती. सोडवून ठेव, आलो की ताळा पाहतो, म्हणाले आणि टांग्यात बसले. टांगा वळणापर्यंत पोचायच्या आत मी उत्तर काढलंही होतं. क्ष बरोबर चौदा. आत्या म्हणाली, वनवासच की गं हा. मला तिचा असा राग आला म्हणता!

उजवी बाजू मी कोरी ठेवली. ताळा मला येत नव्हता असं थोडंच होतं? पण तो बाबांचा होता. तो बाकी आहे तोवर त्यांना यावंच लागेल, आणि आले की मला बरोबर नेतील, असा माझा वेडा हिशेब. पाटी कोनाड्यात उभी राहिली. केव्हाची जागा घेरून बसलीय, पुसून टाक की, अशी आत्याची कुरकुर मी कानाआड केली. पौष लागला. शहरालगतच्या किल्ल्याच्या कड्यावर सकाळभर धुकं, बाजारातून गजक नावाच्या मिठाईसाठी कुटल्या जाणाऱ्या तिळाचा खमंग वास, आणि दिवेलागणीला समोर ती अर्धी भरलेली पाटी. इतकं एकटं मला पुढे कधी वाटलं नाही.

संक्रांतीला बाबा आले. वाळले होते. मी पाटी पुढे ठेवून पेन्सिल हातात दिली. त्यांनी पेन्सिल माझ्याकडेच परत केली.

"तूच पाहा, बाळ. मोठ्याने म्हण."

बेचाळीस नि चौदा, छप्पन्न. चौदा नि चौदा अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न. जुळला. बघ, तुझा तुला जमतो, ते म्हणाले. आणि मग सांगितलं, की भोपाळात एका खोलीत चार कारकून राहतात, मुलीला नेण्यासारखी ती जागा नाही. आयुष्यात पहिल्यांदा ताळा जुळल्याचा मला संताप आला.

पुढे त्यांना घर मिळालं तेव्हा माझं कॉलेज इथलं, मग शाळेतली नोकरी इथली, आणि आत्या थकलेली. बाबा सणावारी येत, पाहुण्यासारखे. पाटीवर जो क्ष एका टांग्याच्या वळणाआधी सापडला होता, तो जगायला मात्र एकेक करून चौदा हिवाळे घालवावे लागले.

नोकरी संपवून ते कायमचे परतले त्या संध्याकाळी ओसरीवर तसंच तिरपं ऊन होतं. आम्ही चहा घेत बसलो. वर्गभर मुलींना बीजगणित शिकवणारी मी, आणि बाबांना साखर किती लागते ते मला विचारावं लागलं होतं.

"चौदाच आलं होतं ना?" ते म्हणाले.

"हो. तुमच्याशिवाय जुळला होता ताळा."

त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवला आणि ओसरीवरच्या धुळीत, आम्हा दोघांच्या मधल्या जागेत, बोटाने एक उभी रेघ ओढली. तिच्या उजवीकडे काय लिहायचं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.