रंध्याला लावलेलं कुंकू

बाबांनी लाकूड तासायचं रंधा मशीन चालवणं सोडलं, पण त्याची पाती लावणं सोडलं नव्हतं. पनवेलच्या बाजारामागे आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, ते आता मी चालवते. महिन्यातून एकदा बाबा वरच्या घरातून खाली उतरायचे, मशीनच्या टेबलावर लाकडी पट्टी ठेवायचे आणि पाती बसवलेला गोल कटर हाताने हळूच फिरवायचे. तिन्ही लांब पात्यांनी पट्टी सारखीच पुढे ओढली पाहिजे. केसभर फरक पडला की पुन्हा स्क्रू ढिले. अर्धी सकाळ जायची. तोवर मी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

मशीन मात्र असं किंचाळायचं की समोरच्या शिकवणीच्या बाई खिडकीतून हात जोडायच्या. शेवटी मी नवा कटर मागवला. लांब पात्यांऐवजी छोटी छोटी चौकोनी पाती, प्रत्येक आपापल्या खाचेत स्क्रूने बसणारं. आवाज कमी आणि पाती जुळवायची कटकटच नाही.

हे शेवटचं मी बाबांना मोठ्या उत्साहात सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही.

"म्हंजे आता माझं काय काम नाय," ते म्हणाले, आणि खाली यायचेच बंद झाले. मी परोपरीने समजावलं. पण आपणच ज्याचं काम काढून घेतलं त्याची समजूत काढायची तरी कशी? मला फार वाईट वाटत होतं.

कटर आला, बेअरिंगमध्ये बसलाही. पाती लावण्याआधी आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे कुंकू लावल्याशिवाय नवा मिक्सरसुद्धा फिरत नाही. मी फडक्याने पुसून घेतलं आणि चाळीसच्या चाळीस पाती आवळली.

मशीन सुरू केलं तर आवाज जेमतेम मोठ्या पंख्याएवढा! सागवानाची पहिली फळी इतकी गुळगुळीत निघाली की मी ती नाचवतच वर नेली.

बाबांनी चष्माही लावला नाही. फळीवरून बोट फिरवलं, थांबले, परत फिरवलं.

"इथं चर हाय गो."

मला काही दिसेना. उजेडात तिरकी धरली तेव्हा दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ.

मग बाबा खाली आले. प्लग काढला, रेघेच्या अंतरावरून नेमकं पातं शोधलं आणि स्क्रू सोडला. खाचेच्या कोपऱ्यात कुंकू वाळून बसलं होतं. तेवढ्यानेच पातं उचललं गेलं होतं.

"देवाचंसुद्धा खुपतं बाई यांना," आई म्हणाली. कित्येक दिवसांनी बाबा हसले.

खाच ब्रशने साफ करून त्यांनी पातं परत बसवलं आणि स्टूल ओढून घेतलं.

"एकोणचाळीस राहिली. सगली बघायला लागतील. आनि तू शिंकू नको."

मी नाक दाबून उभी राहिले. नवा कटर आला तेव्हाही मी एवढी खूश नव्हते.