मारुतीला ट्रकच्या प्रदक्षिणा

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला ठसका लागला आणि सगळा चहा माझ्याच अंगावर आला. गाढवपणा माझा, म्हणून तक्रारही करता आली नाही!

शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं गाव. मारुतीच्या देवळासमोर माझं वेल्डिंगचं दुकान. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, स्वतःच्या ट्रकचे स्वतःच ड्रायव्हर. स्टिअरिंगवर बसूनच केस पिकवलेला माणूस. पण लग्न झाल्यापासून त्यांनी ट्रक कधी माझ्या दुकानाकडे फिरकू दिला नव्हता. साधी कडी जोडायची असली तरी वारंगा फाट्याला जायचे. जावयाला काम सांगणं बरं दिसत नाही म्हणायचे. खरं कारण बायकोने मला केव्हाच सांगितलं होतं. काम बिघडलं तर जावयाला बोलता येत नाही ना!

मग एकदा ऐन हळदीच्या दिवसांत ट्रकच्या चेसिसला तडा गेला. तोही नेमका स्टिअरिंग बॉक्सजवळ. दुसऱ्या दिवशी गावातल्या चार घरांची हळद हिंगोलीच्या मोंढ्यात लिलावाला पोचवायची होती, आणि वारंग्याच्या मिस्त्रीकडे गाड्यांची रांग. शेवटी वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, बापाला गळ घातली. मामा आले, हात जोडून म्हणाले, "जावईबापू, तुमाला तकलीफ देऊन राहिलो."

अशी संधी मी सोडतो होय? तड्याच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे तो पुढे वाढत नाही. तडा घासून खोल केला, वेल्डिंग भरलं, वरून जाड पट्टी जोडली. इथं थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण ट्रक पडला सासऱ्याचा. हात आत जावा म्हणून मी चाकं पार उजवीकडे वळवून ठेवली होती. त्यामुळे पुढेमागे हलून चाकं वळवणारा तो स्टिअरिंग बॉक्सचा दांडा एका अंगाला सरकलेला, आणि दुसऱ्या अंगाला चांगली ऐसपैस जागा मोकळी. मोकळी जागा बघून मला राहवलं नाही. तिथे एक तिकोनी, जाडजूड तुकडा ठोकून बसवला. जादा आधार! कुणी सांगितला होता? कुणीच नाही.

चाचणी घेतली नाही का, म्हणता? घेतली की. आमच्याकडे गाडीचं मोठं काम झालं की मारुतीला प्रदक्षिणा घालतात आणि नारळ फोडतात. मामांनी पाच फेऱ्या मारल्या. गाडी अलगद वळली, आवाज नाही की ओढ नाही. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वारंग्याच्या मिस्त्रीला आता विसरायचं, असं सगळ्यांदेखत सांगितलं. त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की वंदनाने दिलेला चहा मी बशीत न ओतता साहेबासारखा कपानेच प्यालो.

आता मला सांगा, प्रदक्षिणा घालताना देव कुठल्या हाताला असतो? उजव्या. मग गाडी फक्त कुठे वळते? तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाशेजारच्या गोदामातून हळद भरली. मामांनी मला शेजारी मानाने बसवलं. देवळाला वळसा घालून हिंगोलीच्या रस्त्याला लागायचं, आणि तो रस्ता फुटतो डावीकडे. मामांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. ते जरासं फिरलं आणि खट्ट करून थांबलं. समोर किराणा दुकान. मामांनी शांतपणे उजवीकडे घेतलं आणि आम्ही पुन्हा देवळाभोवती.

"नवं काम हाय मामा, घट्ट लागंल. एक चक्कर मारा, मोकळं व्हतंय," मी म्हणालो.

"बराबर," मामा म्हणाले.

दुसऱ्या फेरीला पुन्हा खट्ट. मी म्हणालो, माल जास्त भरलाय. तिसऱ्या फेरीला मी टायरातल्या हवेला दोष दिला. मामा प्रत्येक वेळी "बराबर" म्हणत होते, आणि दर वेळी आवाज जास्तच गोड होत होता. लक्षात ठेवा, सासरा जावयावर चिडला की त्याचा आवाज चढत नाही, मान वाढतो. मामांनी मला "आपण" म्हटलं तेव्हा मला घाम फुटला.

तिकडे पारावरची मंडळी उठून उभी राहिली. मालाने भरलेला ट्रक मारुतीभोवती फिरतोय म्हटल्यावर कुणी हात जोडले, कुणी देवळातली घंटा बडवायला घेतली. शेजारची लक्ष्मीबाई तांब्या घेऊन आडवी आली. मामांना गाडी थांबवावीच लागली. तिने चाकावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "कशाचा नवस बोलला व्हता, दादा?"

मेलो, म्हटलं. आता सगळ्या गावासमोर आपली लाज जाणार. मी सीटखाली न हरवलेली चप्पल शोधायला लागलो.

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून देवळाकडे जोडले. "जावईबापूला डावं-उजवं कळू दे म्हणून."

मी गुमान उतरून ट्रकखाली शिरलो. माझा लाडका तिकोनी तुकडा बरोब्बर त्या दांड्याच्या वाटेत बसला होता. दांडा आपटून आपटून त्याला चकाकी आली होती. वर बघितलं तर मामा वाकून बघत होते. त्यांना पहिल्याच फेरीला कळलं होतं म्हणे.

"मग बोलला काहून न्हाई?"

"जावयाला कसं बोलावं?"

ग्राइंडरने तुकडा कापला. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्हीकडे फिरवून बघितलं. मूळ पट्टी आजही शाबूत आहे, एवढं तरी ऐकून घ्या. हळद लिलाव संपायच्या आत मोंढ्यात पोचली. मला मात्र मामांनी सोबत नेलं नाही. आपण दमला असाल, म्हणाले.

परवा लक्ष्मीबाई वंदनाला विहिरीपाशी भेटली. मामांच्या नवसाला देव पावला का, असं तिने अगदी मनापासून विचारलं.

"अर्धा पावला, मावशी," वंदना म्हणाली. "उजवं कळाय लागलंय."