बिनकेसांचं घर

मास्तरांच्या घरात कुत्री आहेत हे ती भुंकल्याशिवाय कोणाला कळत नसे. शिंप्याने कुत्री पाळायची म्हणजे धंद्यावर आपल्याच हाताने पाणी सोडायचं. गिऱ्हाइकाने काळी पँट शिवायला टाकावी आणि घरी नेऊन बघावं तर तिच्यावर पांढरे केस, असं झालं की ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी पलीकडच्या गल्लीत दिसतं. पण मास्तरांच्या हातून गेलेल्या कपड्यावर केस दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

कुत्र्यांची नावं बटण आणि काज. बटण काळा, बुटका, गोल गरगरीत. काज पांढरी आणि लांबट. नावं मास्तरांच्या बायकोने ठेवली होती आणि कुत्रीही तिनेच आणली होती. ती गेली आणि कुत्री मास्तरांच्या गळ्यात पडली. सुरुवातीला ना मास्तर त्यांच्याकडे बघत, ना ती मास्तरांकडे. मग आपल्याला आता दुसरं कोणी नाही, हे तिघांच्याही हळूहळू ध्यानात आलं.

घर साफ ठेवण्याचं मास्तरांचं एक शास्त्रच होतं. सकाळी कोरड्या झाडूला हात लावायचा नाही. कोरड्या झाडूने केस नुसते उडतात आणि आपण चहाला बसलो की नेमके कपात उतरतात. आधी ओलं फडकं, झाडू मागाहून. गादीवरचे केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा जरासा ओला करून एकाच दिशेने फिरवायचा, म्हणजे केसांची गुंडाळी होऊन हातात येते. बाहेरून आलं की दारातच पाय धुवायचे, आधी कुत्र्यांचे, मग स्वतःचे. विंचरायचं ते गच्चीवर, आणि तेही वारा बघून. शेजारणीच्या दोरीकडे वारा असला तर कार्यक्रम रद्द. शिवणाच्या खोलीत दोघांनाही मज्जाव होता. तरी चुकून शिरलीच तर पायात टाचणी जायला नको, म्हणून दोरीला बांधलेलं लोहचुंबक मास्तर रोज जमिनीवरून फिरवत.

एवढा आटापिटा कशाला, असं कोणी विचारलं तर मास्तर गिऱ्हाइकांचं नाव पुढे करत. साफ खोटं. आटापिटा लेकीसाठी होता.

लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. आई होती तोवर बापलेकीचं बोलणं आईच्या मार्फत चालायचं. फोन आला की मास्तर मशीनवरूनच ओरडत, "तब्येतीला जप म्हणावं तिला," आणि बायको ते चांगलं मीठमसाला लावून पुढे पोचवी. आता फोन थेट मास्तरांच्या हातात येऊ लागला. "कसे आहात", "बरा आहे", "जेवलात का", "हो" एवढं झालं की दोघांचाही साठा संपायचा. आई गेल्यानंतर लेक एकदाच आली होती. नात शिंकांनी बेजार झाली आणि लेक त्याच संध्याकाळी निघाली. "बाबा, पोरीला केसांचा त्रास होतो. कुत्री आहेत तोवर राहायला नाही जमायचं," असं सांगून गेली.

मास्तरांनी ते वाक्य जिवाला लावून घेतलं. एकदा तर मन घट्ट करून दोघांनाही कायमचं देऊन टाकायला निघाले, पण कोपऱ्यावरून माघारी आले. बायकोची कुत्री देऊन टाकायची तरी कुठल्या तोंडाने? मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. कुत्री ठेवायची आणि केस घालवायचे. घरात केस राहिला नाही तर लेक राहील, असं साधं सरळ गणित त्यांनी मांडलं आणि त्यावर दिवस ढकलू लागले.

आणि एके दिवशी फोन आला. जावयाचं या बाजूला काम निघालं होतं. "आम्ही दोघीपण येतोय, घरी येऊन जाऊ," लेक म्हणाली. मास्तरांनी त्यातलं 'येऊन' तेवढं ऐकलं.

मग काय विचारता. पडदे उतरले, गाद्या उन्हात गेल्या, पंख्याची पाती पुसून झाली. कपाट ओढून त्याच्या मागचंही साफ करताना मास्तरांच्या कमरेत उसण भरली, तरी हात थांबला नाही. नातीसाठी छोटी उशी शिवली, तिला झालर लावली. दोन्ही कुत्री शेजारच्या गॅरेजवाल्याच्या स्वाधीन केली. तो फिनेलचा वास घेत म्हणाला, "मास्तर, घरात कोणाचं ऑपरेशन आहे काय?"

"लेक येतेय. राहायला," मास्तर म्हणाले. शेवटचा शब्द त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटला.

लेक नातीला घेऊन आली तेव्हा तिच्याजवळ फक्त खांद्याची पर्स होती. सामान जावई मागाहून आणत असेल, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. लेकीने खोलीभर नजर फिरवली. "किती स्वच्छ ठेवलंय हो बाबा," ती म्हणाली, आणि मास्तरांना भरून आलं. त्यांनी काळ्या कापडाचा तुकडा घेतला, गादीवरून खसाखसा ओढला आणि तिच्यापुढे धरला.

"बघ. आहे एक तरी केस?"

"आजोबा, कुत्री कुठे गेली?" नात मध्येच म्हणाली.

"बाहेर ठेवलीत. तुला त्रास होतो ना?"

"मला नाही होत. आमची चिंगी तर माझ्याच पांघरुणात झोपते."

"चिंगी कोण?"

"आमची कुत्री."

लेकीने पोरीला डोळ्यांनी दटावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मास्तरांनी कापडाची घडी घातली, मग मोडून पुन्हा घातली.

"त्या शिंका सर्दीच्या होत्या, ते नंतर कळलं," लेक म्हणाली. "पिल्लू हिच्या बाबांनी आणलं. मी सांगणारच होते, पण..." तिला पुढचं सापडेना. असल्या वेळी पुढचं नेहमी आईच बोलायची.

मास्तरांना राग आला. रागापेक्षाही वाईट वाटलं, इतकं की उठून त्या दोन मुक्या जिवांजवळ जाऊन बसावं. कळल्यावर एक फोन करायला काय झालं होतं, हे ओठांपर्यंत आलं. पण लेकीची खाली गेलेली मान बघून त्यांनी ते गिळलं.

"केस फार गळतात का तिचे?" त्यांनी विचारलं.

"फार. सोफ्याचं तर विचारूच नका."

मास्तर उठले आणि हातमोजा घेऊन आले. किती ओला करायचा, कुठल्या दिशेने फिरवायचा, हे त्यांनी गादीवर करून दाखवलं. लेकीने खोदून खोदून विचारलं, स्वतः मोजा घालून बघितला, चहातल्या केसांचं ऐकून हसलीसुद्धा. आई गेल्यापासून बापलेक इतका वेळ कधी बोलले नव्हते. मग जावयाचा फोन आला. तो हॉटेलवर पोचला होता आणि दोघींची वाट बघत होता.

"यांच्या ऑफिसनेच खोली घेतलीय, बाबा."

"हो, हो. बरंच झालं. मुलीला तिथे मोकळं वाटेल."

निघताना नात दारात थांबली. "आजोबा, तुम्ही आमच्याकडे या ना राहायला. मी चिंगी दाखवते."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. लेक चपलेचा पट्टा लावत होती. पट्टा केव्हाच लागला होता, तरी ती वाकूनच होती.

"कसा येऊ बाळा," मास्तर म्हणाले, "कुत्र्यांना कोण बघणार?"

लेक सरळ उभी राहिली. "तेही खरंच," असं म्हणून तिने पोरीचा हात धरला आणि ती जिना उतरू लागली.