सुधाकर आणि बोलोन्याचा मनोरा

सुधाकर गेल्याचा फोन अमेरिकेत, ट्रॉयच्या ऑफिसात आला तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि मी कसलंसं ड्रॉइंग तपासत बसलो होतो. त्याच्या बायकोनं, मंदावहिनींनी, एवढंच सांगितलं, की दुसरा अटॅक आला आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खरं सांगायचं तर मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. वाटलं, ह्याला मीच मारला…

असं वाटायला कारण होतं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कंपनीनं आम्हा दोघांना तीन आठवड्यांसाठी इटलीत, बोलोन्याजवळच्या एका कारखान्यात मशिन्स तपासायला पाठवलं होतं. मी पुण्याचा, तो नागपूरचा. एकमेकांची टर उडवल्याशिवाय आमचा दिवस जात नसे. सुट्टीच्या दिवशी मला दुकानं दिसायची, त्याला विटा. त्या गावात जिकडेतिकडे कमानींखालचे फूटपाथ आहेत, भर पावसात छत्रीशिवाय हिंडावं असे. मोठ्या चौकातल्या चर्चचा दर्शनी भाग खाली संगमरवरी आणि वर नुसत्या उघड्या विटांचा, शेकडो वर्षं तसाच अर्धवट राहिलेला. तिथे सुधाकर हटकून थांबायचा. पुरं बांधलं असतं तर आपण एवढं बघितलं नसतं, असं त्याचं म्हणणं. जवळच्याच एका लहान चर्चमध्ये येशूच्या देहाभोवती आकांत करणाऱ्या बायकांचे भाजक्या मातीचे पुतळे आहेत. एकीची वस्त्रं धावण्याच्या वेगानं पार मागे उडालेली. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आजी गेली तेव्हा आमची आई अशीच धावत आली होती."

गावाच्या मध्यावर दोन कललेले मनोरे आहेत. त्यातल्या उंच मनोऱ्याला पाचशेला दोन कमी, एवढ्या लाकडी पायऱ्या. शेवटच्या शनिवारी माझा पाय मुरगळलेला, म्हणून मी हॉटेलातच होतो. हल्ली दम लागतो यार, असं काहीतरी सुधाकर पुटपुटला. मी त्याला सोडतोय कसला! नागपूरकर पायथ्यावरून परत फिरला असं इथल्या मराठी मंडळात जाहीर करीन, अशी धमकी दिली. तो मुकाट्यानं गेला. संध्याकाळी परतला आणि वरून दिसणाऱ्या लाल कौलांचं त्यानं इतकं रसभरीत वर्णन केलं, की मला पायाचा राग आला.

त्याच हिवाळ्यात त्याला पहिला अटॅक आला. मनोऱ्याचा विषय मी पुन्हा कधी काढला नाही. लोकांसमोर तो लाल कौलांबद्दल बोलू लागला, की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो. चार वर्षं हेच चाललं.

तो गेल्यावर तीनेक आठवड्यांनी वहिनींनी स्लाइड्स लावायला बोलावलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर बोलोन्या एकेक करून उमटू लागलं. कमानी, चर्च, मग मनोरा… आणि मला राहवेना. मी प्रोजेक्टर थांबवला आणि सांगून टाकलं, की त्याला वर चढायला मी लावलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते चढलेच नव्हते."

त्याच संध्याकाळी त्यानं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. तीसेक पायऱ्यांवरच छाती भरून आली, तसा तो खाली उतरला आणि समोरच्या कमानीत आइस्क्रीम खात बसला. मनोऱ्यावरून उतरणाऱ्या अमेरिकन टूरिस्टांना वर काय दिसतं ते विचारून घेतलं. "मला म्हणाले, त्याला बोलू नकोस, जन्मभर चिडवेल. आणि डॉक्टरांनी तर ट्रिपच्या आधीच स्ट्रेस टेस्ट सांगितली होती. ह्यांनीच कॅन्सल केली."

मी हसलो. मग रडलो, आणि पुन्हा हसू आलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. रागही आला. लेका, एकदा सांगायचंस तरी! पण त्यानं सांगितलं असतं, तर मी खरंच जन्मभर चिडवलं असतं…

पुढची स्लाइड कुणा वाटसरूकडून काढून घेतलेली होती. ती मी वहिनींकडून मागून आणली. रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीशी उजेडात धरून बघतो. मनोऱ्याच्या दारातून माणसं धापा टाकत बाहेर पडताहेत, आणि सुधाकर कमानीखाली आइस्क्रीमचा कप घेऊन निवांत बसलाय. खालीच.